तांबडी कोणाच्या हाताला गेली

केडगावच्या पलीकडच्या चार-पाच गावांत अजिनाथला कोणी आडनावाने ओळखत नाही. घोडीवाला अजिनाथ म्हटलं की पुरे. आपल्याकडच्या शर्यतीच्या घाटात बैलगाडा सुटला की बैलांच्या पुढे एक घोडी पळते आणि तिच्यामागे बैल जीव खाऊन धावतात. अशा घोडीवर हा माणूस तीस वर्षं बसला. मागून चार बैल अंगावर येत असताना घोडी जरा बिचकली तर वरचा माणूस संपलाच, पण अजिनाथ कधी पडला नाही. ही गोष्ट तो स्वतःच इतक्यांदा सांगतो, की ऐकणाऱ्याला वाटतं, एकदा तरी पडायला हवा होता.

शर्यती बंद होत्या त्या वर्षांत त्याने जुनी घोडी विकली. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा साठीला टेकलेला अजिनाथ घोडेगावच्या बाजारातून तांबडी घेऊन आला. कोवळं वय, लांब पाय, भरलेली छाती. आता गावच्या यात्रेला या घोडीवर आपणच बसणार, असं त्याने पारावर सांगूनही टाकलं. अडचण एवढीच झाली, की तांबडी त्याला बसू देईना. बसलाच तर चार पावलं टाकून अडायची. टाच मारली की जागच्या जागी गरगर फिरायची आणि लगाम खेचला की मागच्या पायांवर उभी राहायची. मस्ती आहे, जिरेल, असं तो म्हणत राहिला. दोन महिन्यांनी एका सकाळी तो पडला. पाठीला हळद लावून घेताना बांधावरून घसरलो, असं त्याने घरात सांगितलं.

हळद उगाळून देणारी होती त्याची सून मोनिका. ही पाथर्डीकडची. आईबाप ऊसतोडीला जायचे, तेव्हा अडेल बैल जुंपायचं काम लहानपणापासून तिच्याकडे. नवरा ज्ञानेश्वर नागापूरच्या कंपनीत पाळीवर, त्यामुळे घरची जनावरं तीच बघायची. खरारा करताना तिला तांबडीच्या जिवणीत जुना व्रण दिसला. आधीच्या मालकाने काटेरी लगाम घालून तोंड फाडलं असणार. लगामाऐवजी तोंडाभोवती बांधायच्या नुसत्या दोराच्या मोरखीवर धरून बघा, असं तिने सासऱ्याला सुचवलं. तीस वर्षं घोड्यांची तोंडं मी बघितली की तू, असं विचारून अजिनाथने तो विषय मिटवला.

पण तांबडीच्या लेखी तो मिटला नव्हता. मोनिका पाणी घेऊन निघाली, की ही लांबूनच खिंकाळायची. अजिनाथने गूळ आणला, भिजवलेले हरभरे आणले. त्याच्या हातचा गूळ खायची आणि बघायची मोनिकाकडे. अजिनाथला ते दिसायचं आणि घास कडू व्हायचा. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगा कंपनीचा झाला होता, शेत वाट्याने दिलेलं. आपलं म्हणावं असं एक जनावर उरलं होतं, तेही कालच्या पोरीने पळवलं, असं त्याला वाटायचं. सुनेचा हेवा करतो हे स्वतःशी कबूल करायची लाज वाटायची, म्हणून तो तिच्या भाकरीत मीठ कमी असल्याची खोड काढायचा.

मध्ये एकदा मोनिकाचं कोपर सोललेलं दिसलं. मग आठवड्याने ती लंगडत होती. विहिरीवर पाय घसरला म्हणाली. घसरण्याची ती सबब अजिनाथला चांगली ठाऊक होती. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आधी तो पडीक रानाच्या कडेला बाभळीआड जाऊन उभा राहिला.

मोनिका खोगीर न घालता, साडीचा काचा मारून तांबडीवर बसली होती. हातात नुसती मोरखी. घोडी अडली. मोनिकाने टाच मारली नाही की दोर ओढला नाही. ती नुसती बसून राहिली, मानेवरून हात फिरवत. बराच वेळ गेला आणि तांबडी आपणहून निघाली. आधी दुडकी, मग रानाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत चौखूर. अजिनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी सुंदर धाव त्याने घाटातही पाहिली नव्हती, आणि ती त्याच्यासाठी नव्हती.

सकाळचा चहा पिताना त्याने एवढंच सांगितलं, की बसू न देणारी घोडी पोसायची नाही, शुक्रवारी बाजाराला न्यायची. मोनिकाने मान खाली घातली.

शुक्रवारी तांबडी पिकअपमध्ये चढेना. ड्रायव्हर वैतागला. शेवटी अजिनाथला सुनेला हाक मारावी लागली. ती पुढे चालली, तांबडी मागोमाग फळीवरून वर गेली, आणि मोनिकालाही बाजारात न्यावं लागलं.

घोडेगावात नेवाशाकडचा रंगनाथ नावाचा गाडामालक घोडीवर खूश झाला. पण बाजाराची रीत अशी, की विकणाऱ्याने बसून चाल दाखवायची. अजिनाथने गुडघा दुखत असल्याचं सांगितलं. लोक हसू लागले, तसा तो बोलून गेला, की घोडी इतकी गरीब आहे, आमची सूनसुद्धा बसते.

मोनिकाने पदर खोचला आणि बसली. जनावरांच्या दोन रांगांमधून ती गेली आणि आली, तोवर सौदे करणारे हात थांबले होते.

"पोरीला शिकिवलं कुनी?" रंगनाथने विचारलं.

"मामांनी," मोनिका म्हणाली. "मला बी आन् घोडीला बी."

सगळे अजिनाथकडे कौतुकाने बघू लागले. ते कौतुक त्याला भीक घातल्यासारखं लागलं. ती म्हणाली असती की मीच शिकले, तर कदाचित त्याने घोडी परत आणली असती. त्याने तिथल्या तिथे रंगनाथच्या हातावर हात मारला. एकदा हात मारला की बाजारात शब्द फिरवता येत नाही. आपला दोर मात्र विकणाऱ्याने घरी न्यायचा असतो, घरातली बरकत त्याच्यासोबत जाऊ नये म्हणून. तो सोडायला अजिनाथ पुढे झाला, तर तांबडीने मान झटकली. दोर मोनिकानेच सोडला.

त्यानंतर यात्रा झाली. अजिनाथ घाटाकडे फिरकला नाही. घरी मोनिका पूर्वीसारखीच वागत होती, पूर्वीसारख्याच भाकरी. त्यांत मीठ कमी म्हणायला त्याला तोंड नव्हतं. रोज सकाळी ती घोडीचं रिकामं ठाण झाडून काढायची, आणि ते झाडणं ऐकत तो अंथरुणात पडून राहायचा.

महिनाभराने तो उठून ठाणापाशी गेला. जे बोलायचं ते चार दिवस घोकून ठेवलं होतं.

"पुढच्या शुक्रवारी घोडेगावला जाऊ. दुसरी बघू. पारख तूच कर."

मोनिकाने केर गोळा केला, पाटीत भरला.

"नको मामा," ती शांतपणे म्हणाली. "ती बी माझ्यामागं आली, तर तिला बी इकाल तुमी."

ती पाटी घेऊन उकिरड्याकडे गेली. नाही विकणार, असं म्हणायला अजिनाथने तोंड उघडलं. पण आपल्यालाच त्याची खात्री वाटत नाही हे त्याला कळलं.