दोरी नसलेलं अस्वल

डांबरगोळ्यांचा वास आला की जुन्या जालन्यातली ती निजामाच्या वेळची दुपार आठवते. नऊ वर्षांची मी शेजारच्या मुसलमान मावशीकडं, आमच्या खालाकडं, क्रोशाचं काम शिकत होते. तिच्या डांबरगोळ्या घातलेल्या पेटीतल्या काळ्या लोकरीचं अस्वल विणून, कापूस भरून, मी त्याच्या नाकात दोरी ओवली.

"रस्सी कायकू, बेटी?" खालानं विचारलं.

"अस्वलाला असतीच की!" मी फक्त दरवेश्याचं अस्वल पाह्यलं होतं.

खालाचे वडील जंगलात चौकीदार होते. ती हळूच म्हणाली, "जंगलातल्याला न्हाई असत. तिथं आई पिलांना पाठीवर बसवून हिंडती."

मी दोरी काढली. ऊन उतरेपर्यंत आम्ही एक इवलंसं पिल्लू विणत बसलो.

पुढं दरवेशी गल्लीत आला, तेव्हा पोरं टाळ्या पिटत होती. मी मात्र त्या अस्वलाची रिकामी पाठच बघत राहिले.