गाडीतला सिनेमा

कोरोनाच्या त्या हिवाळ्यात मॉलमधली थिएटरं बंद होती. इथे बहरीनमध्ये, सनाबिस भागाच्या कडेला एका मोकळ्या मैदानात गाडीत बसून पाहायचा सिनेमा सुरू झाला. समोर मोठा पडदा, आवाज गाडीच्या रेडिओवर. त्या पडद्याची लोखंडी चौकट मीना सलमान बंदरातल्या आमच्या वर्कशॉपने केली होती. वेल्डिंग माझं, नऊ दिवसांचं. पण आत जायला गाडी लागायची, आणि मी ड्रायव्हिंगच्या टेस्टमध्ये दोनदा नापास झालो होतो.

समोरच्या फ्लॅटमध्ये रत्नागिरीचं एक कुटुंब राहायचं. तो बाब अल बहरीनच्या बाजारात कापडाच्या दुकानात क्लार्क, साधारण माझ्याच वयाचा. त्याने नुकतीच जुनी पांढरी गाडी घेतली होती. एका गुरुवारी संध्याकाळी तो दारात आला.

"भाऊ, गाडीत जागा आहे. सिनेमाला चला सगळे."

"माझी शिफ्ट आहे," मी म्हणालो. शिफ्ट नव्हती. बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती आणि आमची आठ वर्षांची मुलगी गेल्या.

मी गच्चीवर गेलो. तिथून पडदा तळहाताएवढा दिसायचा. कोण रडतंय, कोण पळतंय ते कळत होतं, कशासाठी ते कळत नव्हतं. खरं तर मी सिनेमा पाहतच नव्हतो. रांगांमधून त्याची गाडी शोधत होतो. निम्म्या गाड्या पांढऱ्याच होत्या.

मुलगी परत आली ती बोलतच. अंकलनी सीट पूर्ण मागे केली, आंटीनी समोसे आणले, इट वॉज द बेस्ट डे. मला राग यावा असं त्या माणसाने काहीच केलं नव्हतं. तरी आला.

पुढच्या गुरुवारी तो पुन्हा विचारायला आला, तेव्हा मी दारातच सांगितलं, "पोरीची परीक्षा आहे."

"बट एक्झाम इज ओव्हर, पप्पा," मागून मुलगी म्हणाली.

तो समजला असणार. "पुढच्या वेळी, इंशाल्ला," म्हणून जिना उतरला. मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मी इरेला पेटून पुन्हा ड्रायव्हिंगचा क्लास लावला, तिसऱ्या खेपेला पास झालो, सेकंडहँड गाडी घेतली. तोवर थिएटरं उघडली होती. मैदानातल्या गाड्या कमी होत गेल्या आणि एक दिवस सुपरवायझर म्हणाला, "सनाबिसवाला स्क्रीन काटना है. यल्ला, चलो."

मीच कापला, भर दुपारी. शेवटचा खांब खाली आला तेव्हा रस्त्याकडेला तो समोरच्या फ्लॅटवाला गाडी थांबवून उभा होता.

"खलास?" त्याने विचारलं.

"खलास."

तो म्हणाला, "भाऊ, तुमची मुलगी त्या दिवशी सिनेमाभर एकच सांगत होती, हा स्क्रीन माझ्या पप्पांनी बनवलाय. घरी गेल्यावर माझी मुलगी विचारते, अब्बा, तुम्ही काय बनवलंय? मी काय सांगणार? मी बिलं लिहितो." मग खाली बघत म्हणाला, "नंतर तुम्ही परीक्षेचं कारण काढलंत ना, तेव्हा मला बरंच वाटलं."

मला आधी आनंद झाला. लाज वाटली ती उशिरा, हातातले ग्लोव्हज काढताना. मी त्याला पाण्याची बाटली दिली. दोघांनी मिळून संपवली.

आता तिथे पार्किंग आहे. तो मागच्या वर्षी कायमचा गावी गेला. तिकडे त्याने घर बांधलं, दोन मजली, पुढे अंगण. त्याने पाठवलेला फोटो मी दोन दिवस घरात कुणाला दाखवला नाही.