नानांच्या खुंटीवरचं गाव

जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत मिळून जेवढा संशय आहे, त्यातला अर्धा माझ्या आत्याच्या थोरल्या दिरांकडे आहे. आणि उरलेला अर्धा नक्की कोणाकडे आहे, याचाही त्यांना संशय आहे. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं, म्हणून मीही नाना म्हणते. पाचोऱ्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून त्यांचं गाव. पाचोरा स्टेशनवर जळगावची गाडी लागली की नाना आधी फलाटावरच्या रेल्वेच्या माणसाला विचारतात, गाडी जळगावला जाते ना? मग चहावाल्याला विचारतात. मग डब्यात चढून खिडकीतल्या माणसाला विचारतात. तिघांचं उत्तर एकच आलं की बसतात, पण टेकून बसत नाहीत. बाजारात वांगी घ्यायची तर ते वांगी विकणारीला काही विचारतच नाहीत. ती आपल्या मालाला वाईट कशाला म्हणेल? ते शेजारच्या पाटीवालीला विचारतात, "हिची वांगी कशी शेत?" शेजारीण चांगली म्हणाली तर दोघी आतून मिळालेल्या आहेत, आणि वाईट म्हणाली तर हिला स्वतःची खपवायची आहेत. अशा रीतीने नानांच्या घरी भरीत व्हायला दुपार होते.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत एकाच भिंतीवर तीन घड्याळं आहेत. लहानपणी मी धुळ्याच्या देवपूरहून सुटीत त्याच घरी आत्याकडे जायचे तेव्हा मला वाटायचं, नानांना घड्याळांचा शौक आहे. एकदा धीर करून विचारलं. मी तेव्हाही फार कमी बोलायचे, त्यामुळे मी प्रश्न विचारला याचाच नानांना आधी संशय आला. माझ्याकडे नीट बघून ते म्हणाले, "एक घड्याळ खोटं बोललं तर कळत नाही. दोन असली आणि भांडली, तर खोटं कोण ते कळत नाही. तीन असली की दोघं मिळून तिसऱ्याला धरतात." मी इंग्रजी शाळेत जाणारी मुलगी, घरी जाऊन हे वहीच्या मागच्या पानावर काढून पाहिलं. बरोबर होतं.

माझ्या आत्येबहिणीचं लग्न जमत होतं तेव्हाची गोष्ट तर आमच्याकडे अजून सांगतात. मुलाची चौकशी करायला नाना एकटेच त्याच्या गावी गेले. न्हाव्याला विचारलं, पिठाच्या गिरणीवाल्याला विचारलं, किराणा दुकानदाराला विचारलं. तिघांनीही मुलगा सोन्यासारखा म्हणून सांगितलं. दुसरा कोणी असता तर पेढे घेऊन परत आला असता. नाना मात्र काळजीत पडले. तीन माणसं एकाच सुरात चांगलं बोलतात म्हणजे मुलाकडच्यांनी आधीच फिरून ठेवलं असणार. दिवसभर त्या गावात हिंडून त्यांनी अखेर एक म्हातारी शोधली. ती म्हणाली, मुलगा चांगला आहे, पण जेवताना मचमच आवाज करतो. नानांचा जीव भांड्यात पडला. घरी येऊन म्हणाले, "एक दोष निघाला. आता द्या पोरगी."

अशा माणसाला आमची यंत्रं समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. जळगावला पिंप्राळ्यात, एका स्कूटर दुरुस्तीच्या दुकानाच्या वर आमचं छोटं ऑफिस आहे. आम्ही केळीच्या बागांत आपोआप फिरणारी यंत्रं देतो. बुटकी, चार चाकांची, समोर कॅमेरा. तण काढतात, फवारतात, रोगट झाड ओळखतात. वेगळेपण इतकंच की या यंत्रांना मालक नाही. ती सगळ्या सभासद शेतकऱ्यांची मिळून असतात आणि ब्लॉकचेनवर चालतात. यंत्राला काही करायचं असलं की ते आधी सगळ्या सभासदांच्या मोबाइलवर विचारतं: हे करू का? प्रत्येक सभासदाला सुपारीएवढी एक किल्ली दिलेली असते. हिरवं बटण हो, लाल बटण नाही. निम्म्याहून जास्त हो आले तरच यंत्र हलतं. आणि कोणी काय म्हटलं, कोणत्या यंत्राने काय केलं, हे सगळं साखळीसारखं एकात एक अडकून सगळ्यांच्याच मोबाइलमध्ये नोंदलं जातं. ते मागून कोणालाही बदलता येत नाही, आमच्या कंपनीलासुद्धा नाही.

हे मी नानांच्या गावात, मारुतीच्या सभामंडपात उभी राहून सांगितलं. म्हणजे सांगायला सुरुवात केली. चार माणसांसमोर माझा आवाज आपोआप आत जातो, आणि नाना पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते. मला लहानपणापासून ओळखत असूनही त्यांनी आधी माझ्याकडे, मग यंत्राकडे, मग मंडपाच्या छताकडे पाहिलं.

"याना मालक कोण शे?" त्यांनी विचारलं.

"कोणी एक नाही, नाना. सगळ्यांचं आहे."

"बठ्ठासना म्हणजे कोनाबी नही. बैल चुकला तर मालकाले धरतस. हाई चुकलं तर कोनले धरानं?"

मी ऑफिसमध्ये पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "नाना, या पद्धतीत कोणावरही विश्वास ठेवायची गरजच नाही. तेच तर तिचं वैशिष्ट्य आहे."

"कोनावरच इस्वास ठेवानी गरज नही," नाना शांतपणे म्हणाले, "मंग तुनावर काबरं ठेवू?"

मंडप हसला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी खाली बघत कसंबसं पुढचं सांगितलं, की एका यंत्राला झाड रोगट वाटलं तर तेवढ्यावर ते मान्य होत नाही; तीन यंत्रं पाहतात आणि दोघांचं जुळलं तरच पुढे जातं. तेव्हा नाना पहिल्यांदा पुढे सरकले. "म्हणजे मन्ही घड्याळं," ते म्हणाले. आमच्या साहेबांनी गुंतवणूकदारांना जे समजावायला अख्खी दुपार घेतली होती, ते गावाला तिथेच समजलं. सगळ्यांनी किल्ल्या घेतल्या. नानांनीही घेतली. घेताना उलटी करून कानाशी हलवून पाहिली.

काही महिन्यांनी ऑफिसात कुजबुज सुरू झाली. त्या गावातले जवळजवळ सगळे कौल सकाळी एकाच वेळी, एकामागोमाग एक, ओळीने येत होते. साहेबांना वाटलं कोणीतरी साखळीत शिरलंय. मला म्हणाले, "तुझे नातेवाईक आहेत ना तिथे? जाऊन बघ. कोणाला काही सांगू नकोस." मला आधी नानांचाच संशय आला, आणि तसा संशय आल्याबद्दल मला फारसं वाईटही वाटलं नाही. नात्यातल्या माणसावर संशय घेणं मी त्यांच्याकडूनच तर शिकले होते.

सकाळी मी न सांगता गेले. नाना ओट्यावर बसले होते. मागे भिंतीला लांबलचक खुंटी, एरवी जिच्यावर त्यांची टोपी आणि पिशवी असते. तिच्यावर अख्ख्या गावाच्या किल्ल्या लटकत होत्या. कोणाला लाल दोरा, कोणाला सुतळी, कोणाला साडीच्या काठाची चिंधी. नाना मोबाइलवर यंत्राची विचारणा वाचत होते आणि एकेक किल्ली काढून दाबत होते.

मी तोंडावर हात ठेवला. "नाना, हे काय?"

"काय म्हणजे? दिली त्यासनी. म्हणतस, नाना पाहतीन."

हे असं झालं होतं. गावात रोज सकाळी यंत्र विचारायचं, आणि लोकांना दूध काढायचं असायचं, कापूस वेचायचा असायचा. मग एकजण किल्ली नानांकडे ठेवून गेला. त्याचं बघून दुसरा. नाना कोणावर विश्वास ठेवत नाहीत, म्हणून सगळ्या गावाचा विश्वास नानांवर. कुठलंच एक केंद्र नसावं म्हणून बांधलेली आमची सगळी व्यवस्था लोकांनी उचलून एका खुंटीवर नेऊन टांगली होती.

"पण मग सगळ्यांचं मत तुम्हीच देता!"

नानांना राग आला. "मनं मत? हाई देख." त्यांनी लाल दोऱ्याची किल्ली उचलली. "हाई बांधाशेजारच्या आप्पानी. आप्पा जिंदगीमा मनासंगे हो म्हणेल नही. म्हणून मी हो म्हणनू की त्यानं लाल दाबस." चिंधीवाली किल्ली एका विधवा बाईंची होती; त्या विचार करायला वेळ घेतात, म्हणून तिचं बटण नाना दुपारी दाबत. एकाची किल्ली ते दाबतच नसत, कारण तो माणूस ग्रामसभेतही कधी बोलला नव्हता. मी बघत राहिले. गावातल्या प्रत्येकाचा स्वभाव, हट्ट आणि जुनं भांडण त्यांनी जसंच्या तसं जपलं होतं. तरीही मी संशयाने जुन्या नोंदी तपासल्या. त्यांनी यंत्र आधी स्वतःच्या बागेत बोलावलं असेल, असं मला वाटलं होतं. त्यांची बाग प्रत्येक वेळी शेवटी होती. "आधी दुसऱ्यासनी बाग खराब करतंय का ते देखनं," नाना म्हणाले.

मी हे सगळं साहेबांना कसं सांगावं याचा विचार करत असतानाच मोबाइल वाजला. नवी विचारणा होती. नानांनी ती वाचली आणि मोबाइल माझ्याकडे दिला. त्यांच्या विहिरीजवळच्या केळीवर हरण्या रोग आहे, तिन्ही यंत्रांचं जुळलं आहे, झाडं उपटून नष्ट करू का?

केळीच्या पानांवर पिवळे पट्टे पाडणाऱ्या या रोगाला औषध नाही. झाड काढून टाकणं हाच उपाय. नाहीतर मावा किडा तो रोग शेजारच्या बागांत नेतो. आणि शेजारी आप्पांची बाग होती. पण विहिरीजवळची ती केळी विकायची नव्हती. सगळ्यांनी प्रयोगशाळेतली रोपं आणली तेव्हा नानांच्या पत्नीने, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो, जुन्या वाणाचे कंद तेवढ्या तुकड्यात जपून ठेवले होते. अक्का गेल्या. त्यांच्या हातचं तेवढंच उरलं होतं. त्या केळ्याची चव इतरांपेक्षा वेगळी होती का, मला सांगता येणार नाही. अक्का ते सोलून हातात द्यायच्या, एवढं आठवतं.

नानांच्या मागे गावाच्या सगळ्या किल्ल्या होत्या. एकेक लाल बटण दाबलं असतं तर कोणी काही विचारलंही नसतं. मी त्यांच्याकडे बघत होते, आणि ते दाबणार असं मला खरंच वाटत होतं.

ते उठले. खुंटीवरच्या सगळ्या किल्ल्या त्यांनी पिशवीत भरल्या. "चाल वं माय. मन्ही बागना न्याय मना ओटावर नको."

आम्ही घरोघर गेलो. लोक किल्ली घ्यायला तयार होईनात. "राहू द्या ना नाना, तुमच्याकडेच बरी." नाना हातात कोंबत आणि म्हणत, "तुमीच दाबा. आणि मनं तोंड देखी दाबू नका."

संध्याकाळपर्यंत कौल आला. सगळ्यांनी लाल दाबलं होतं. झाडं उपटू नका. सगळ्यांनी, अगदी ग्रामसभेत न बोलणाऱ्या त्या माणसानेसुद्धा.

दुसरा कोणी असता तर त्याचे डोळे भरून आले असते. नाना संतापले. "बठ्ठा एकच बोली राह्यनात? आप्पाबी?" आणि तडक आप्पांच्या दारात गेले. मी मागून धावले.

"आप्पा, तुन्ही बाग शेजारे शे. आधी तुले लागीन. लाल काबरं दाबं?"

आप्पा तंबाखू मळत होते. वर न बघता म्हणाले, "अक्कानी केळ शे ती. मी कसा हो म्हणू?"

"जन्मभर मले नाही म्हणना, आणि आज..." नाना म्हणाले.

"आजबी नाहीच म्हणनू ना," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना कुदळ घेऊन विहिरीकडे गेले. गावाने नकार दिल्यामुळे यंत्र त्या झाडांना हात लावणार नव्हतं. एका झाडाचं पान त्यांनी हातात धरलं, उजेडाकडे केलं. आता ते तिघांना विचारतील, म्हणून मी बाजूला उभी राहिले. पण तिथे मी एकटीच होते.

"तू सांग," नाना म्हणाले. "हरण्याच शे ना?"

मी पान नीट पाहिलं. पट्टे स्पष्ट होते. नाही म्हणावं असं फार वाटलं. "हो नाना."

त्यांनी दुसऱ्या कोणाला विचारलं नाही. कुदळ उचलली. थोड्या वेळाने बांधावरून आप्पा आले, हातात कुदळ, आणि दुसऱ्या टोकापासून सुरू झाले. मी पानं गोळा करून खड्ड्यात टाकत होते. दुपारी एक यंत्र रोजच्या फेरीत तिथे आलं, कॅमेरा इकडेतिकडे फिरवत बराच वेळ थांबलं, आणि सगळ्यांच्या मोबाइलवर नोंद उमटली: झाडे आढळली नाहीत. कोणी काढली, माहीत नाही. नानांनी ती वाचली. दिवसभरात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बरं वाटल्यासारखं दिसलं. "नसेल माहीत तर माहीत नही म्हणस," ते म्हणाले. "इतलं तरी खरं शे."

आता किल्ल्या ज्याच्या त्याच्या घरी आहेत. साहेबांना मी खरं काय ते सांगितलं. त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही. विहिरीजवळचा तुकडा नानांनी तसाच पडीक ठेवलाय. खुंटीवर टोपी आणि पिशवी परत आली आहे. मध्यंतरी बैठकीतल्या तीन घड्याळांपैकी एक बंद पडलं. आत्या म्हणते, सेल बदलून देते म्हटलं तरी बदलू देत नाहीत, दुसरंही आणत नाहीत.

उरलेल्या दोन घड्याळांचं भांडण झालं की दुपारी मला ऑफिसात फोन येतो. "किती वाजनात वं माय?" मी सांगते. नाना "बरं" म्हणतात आणि फोन ठेवतात. म्हणून उत्तर देण्याआधी मी मोबाइलमध्ये बघते, भिंतीवर बघते, आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीलाही हळूच विचारून घेते.