बिनमिठाचं कढण

गल्लीच्या ग्रुपवाल्यांनो, माझी शेजारीण सुभद्रा गेली तवा तुमच्या डब्यांनी तिच्या नवऱ्याच्या, अण्णांच्या ओट्यावर जागा उरली नव्हती. तेरावा झाला आणि सगळ्यांना एकदम विसरायचा रोग लागला व्हय? मला तर अक्षरओळख बी न्हाय, तरी ध्यानात हाय. नात लिहिती, मी सांगते.

आज दुपारी वाटाण्याच्या डाळीचं दाट कढण केलं. लसूण, जिरं, गाजर घालून चांगलं घोटलं. नात त्याला सूप म्हणती. म्हणू दे.

वाटी घेऊन शेजारी गेले. अण्णा बायकोच्या रिकाम्या खाटेकडं बघत बसले हुते. काल मी दिलेली भाकरी तशीच, वाळून कडक.

म्हटलं, "उपाशी राहून सुभद्राला गाठायचा बेत हाय का? ती तितनं बी हाकलून देईल की तुमाला!"

हसले न्हाईत. एक घोट घेतला आणि थांबले. तवा मला उमगलं. सुभद्राला बीपी, म्हणून तिच्यासाठी मी कढण बिनमिठाचं करायचे. आज बी हातानं तेच केलं.

"द्या इकडं, मीठ घालून आणते."

"नको वैनी. तिच्यासंगं मी बी असलंच खायचो."

मग डोळं पुसत पुसत सगळी वाटी संपवली.

आता ऐका. उद्यापास्नं पाळी लावून घ्या. लाडू, फरसाण नको. दाट कढण पाठवा, बिनमिठाचं, आणि वाटी रिकामी होईस्तवर तितं बसा. ज्या दिवशी अण्णा आपणहून मीठ मागतील, त्या दिवशी मला हाक मारा.