बपेऱ्याची वरात आणि पाठीवरचा बांबू

अत्यंत गंभीरपणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता मी जाहीर करतो की, बपेरा मुक्कामी भर दुपारी, पन्नासेक पाहुण्यांच्या साक्षीने एका सन्माननीय वृद्धाला उलटी झाली आणि तिला सर्वस्वी मी जबाबदार होतो. जेवणाचा दोष नव्हता, जेवण फक्कड होतं. दोष होता मी काढलेल्या लग्नाच्या कॅसेटचा.

ऐंशीच्या दशकाची अखेर. वरठीला स्टेशनच्या रस्त्यावर माझं फोटोचं दुकान होतं. आयुष्यभर मी लोकांना "हलू नका" म्हणत आलो. व्हिडिओ कॅमेरा आला आणि हलायची पाळी माझ्यावर आली. खांद्यावर कॅमेरा, कमरेला लोंबणारा जड रेकॉर्डर, आणि वरातीत नवरदेवाच्या पुढे उलटं चालायचं. रस्त्यात खड्डे, मागे बँडवाले, पायात वायर.

बपेऱ्याच्या त्या लग्नानंतर दोन दिवसांनी नवरीच्या घरी खिडक्यांना चादरी लावून कॅसेट लावली. सर्वांत पुढे बाजेवर नवरीचे आजोबा. पडद्यावर नवरदेव उड्या मारत आला, मांडव आभाळात गेला, परत जमिनीवर आपटला. आजोबांनी बाजेचा खूर धरला, म्हणाले, "थांबवा बे ते," आणि मग ते झालं.

तोंड पुसून त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं, "दुसऱ्या नातीच्या लग्नात ह्याले बोलवू नोका."

बातमी माझ्याआधी वरठीला पोचली. मी "उलटीवाले भाऊ" झालो. दोन लग्नघरांनी निरोप धाडला की फोटो काढा, पण तो डब्बा घरीच ठेवा. मला स्पष्ट दिसलं की आजोबांना जिंकल्याशिवाय ह्या जिल्ह्यात माझा कॅमेरा पुन्हा कोणाच्या मांडवात शिरणार नाही. म्हणून मी थेट बपेऱ्याला गेलो.

"काहून आला?" आजोबा.

"दुसऱ्या नातीची वरात मीच काढणार, आबाजी."

"मले मारून टाकतं का?"

बराच वेळ घासाघीस झाल्यावर ते म्हणाले, "काढ. मी समोर बसून शेवटपर्यंत पाहीन. पण मधात मी तोंड फिरवलं ना बाबू, त गावोगाव सांगीन, ह्याले कॅमेऱ्यासंग घरात घेऊ नोका म्हून."

अट मान्य करून मी परतलो. लग्न तुळशीच्या लग्नानंतर होतं. हातात अख्खा पावसाळा.

पावसाळ्यात वरठी स्टेशनवर गाडीने मासोळीचं बीज यायचं, म्हणजे नखाएवढी पिल्लं. ढिवर, म्हणजे मासेमार लोक, ती हंड्यांत घालून कावडीने तलावांपर्यंत न्यायचे. त्यातल्या एका कावडवाल्याला पाहून मी जागीच थबकलो. बांबू लवलव करतोय, पण माणूस सरळ रेषेत, जणू चाकावर. मनातल्या मनात मी त्याला गुरू केलं. रोज त्याच्या मागे चालायचं, पावलं मोजायची, घरी येऊन अंगणात तसंच चालायचं. परीक्षा घ्यायला बायको. माझ्या खांद्यावरच्या बांबूला दोन्हीकडे पाण्याने भरलेले लोटे टांगून ती ओट्यावर बसायची.

"अवो, सडा टाकायची माही मेहनत वाचली," ती म्हणायची.

पंधरा दिवस झाले. चाल हुबेहूब जमली आणि लोटे रिकामेच. शेवटी लाज सोडून मी गुरूलाच विचारलं की तुझं पाणी स्थिर कसं राहतं.

तो कावड खाली ठेवून हसला. "स्थिर? भाऊ, मी त मुद्दाम हलवतो! पाणी थांबलं त बीज मरते. हवा नको का त्याले?"

म्हणजे पंधरा दिवस मी हलवण्याची विद्या शिकत होतो, आणि त्यात चांगलाच पास झालो होतो.

पण मी हटलो नाही. "अन् हलू द्यायचं नसलं तर?"

तो म्हणाला, "धुऱ्यावरून, वावराच्या अरुंद बांधावरून जाताना नाही हलू देत. हंडी डोलली त आपणच खाली बांधीतल्या चिखलात पडतो. तवा गुडघे वाकवायचे. अन् हंडीले हात नाही लावायचा. दोरी धरायची, दोन बोटांनी. आवळलं का तुह्या हाताचा हिसका तिले लागते."

दोन बोटं! मी कॅमेरा दोन्ही हातांनी असा आवळत होतो, जणू तो पळून जाणार होता.

मग पाठीवर पट्ट्यांनी बांधायची एक लाकडी चौकट केली. तिच्यातून वर जाऊन डोक्यावरून पुढे झुकणारा बांबू. बांबूच्या टोकाला सायकलच्या ट्यूबने टांगलेली लोखंडी सळई. सळईच्या वरच्या टोकाला कॅमेरा आणि खालच्या टोकाला, इतके दिवस कमरेला बडवणारा तो रेकॉर्डर. वजन खाली गेलं तसा कॅमेरा शहाण्यासारखा उभा राहिला. सळईला फक्त दोन बोटं.

बायकोने चौफेर फिरून पाहिलं. "बैलाले निदान शिंगं त शोभतात," ती म्हणाली, आणि कॅमेऱ्याच्या जागी पाण्याचा लोटा बांधायला आली.

भर पावसात मी धुऱ्यांवरून उलटा चाललो. तीनदा धानाच्या बांधीत बसलो. रोवणं करणाऱ्या बायांनी ओळीने कंबर सरळ करून मला पाहिलं. गुडघे रात्रभर ठणकायचे, सकाळी मी परत पट्ट्या आवळायचो. धान कापणीला आलं तेव्हा लोट्यातलं पाणी काठाला लागायचं, पण सांडायचं नाही.

लग्नाच्या दिवशी बपेऱ्यात उतरलो तर वऱ्हाडी नवरदेव सोडून मलाच पाहू लागले. "हे काय, फवारणीवाला आला का?" एकाने विचारलं. बँड सुरू झाला, मी गुडघे वाकवले, आणि जानोशापासून, म्हणजे वऱ्हाडाच्या उताऱ्यापासून, मांडवापर्यंत ते सगळे खड्डे पाठमोरा तुडवत गेलो. मांडवाच्या दाराशी ट्यूब करकरली. मी श्वास रोखला, बोटं मात्र आवळली नाहीत.

दोन दिवसांनी पुन्हा त्याच चादरी, तीच बाज. ह्या वेळी कोणीतरी आजोबांच्या पायाशी बादली आणून ठेवली होती. कॅसेट सुरू झाली. टीव्ही कोणीच पाहत नव्हतं, सगळे आजोबांकडे पाहत होते. मीही. त्यांच्या चष्म्यात मला इवलीशी वरात सरकताना दिसत होती. ते पुढे झुकले. एका हाताने बादली बाजूला सारली. आणि वरात मांडवात शिरायच्या आतच त्यांनी तोंड फिरवलं.

म्हणजे अट मी हरलो. पण ते फिरले होते माझ्याकडे, आणि बोट रोखून ओरडले, "खोटारड्या! पायी चालला म्हणतं? रस्त्यावर पाणी सोडून डोंगा वल्हवला का बे?"