कापलेलं उत्तर

ताडकळसच्या बाजारादिवशी मी हॉटेलात पाणीप्रश्नाची पत्रकं वाटत होते. कुणी घेईना, सगळ्यांचं लक्ष टीव्हीवर. एक जुनं विनोदी प्रहसन पुन्हा दाखवत होते. कोरड्या नळाचं उद्घाटन करून मंत्री समोरच्या घागरवालीला म्हणतो, "पाणी येईल, विश्वास ठेवा." की लगेच टीव्हीतला हशा. म्हणजे हसायचं ते तिलाच! माझं डोकंच फिरलं.

बसची वाट पाहणारी एक अनोळखी म्हातारी बशीतला चहा फुंकत होती. बशी ठेवून, पदर खोचून ती उठली.

"हितलं कापलं की मेल्यांनी! गल्लीत एकच टीव्ही व्हता, आमी समदे मिळून बघायचो. ती बाई म्हणती, 'मग सायेब, तुमची गाडी हितंच ठिवा. पाणी आलं की घिऊन जा!'"

सगळं हॉटेल हसलं. "आन पोरी तुझा कागद," म्हणत पहिलं पत्रक तिनंच घेतलं आणि ती बसमध्ये चढली. नाव विचारायचं राहिलं.

मावशी, तुमचे लय उपकार. ते उत्तर मी पुढच्या पत्रकाच्या माथ्यावर छापलं. परवा पाणीपुरवठ्याचे साहेब आमच्या गावात येऊन म्हणाले, "पाणी येईल." बायकांनी त्यांच्या गाडीभोवती रिकाम्या घागरी मांडल्या.