अर्जात रडायचं नाही

मंडळी, आज नातीने कॉलेजच्या अर्जासोबतचा निबंध वाचून दाखवला. क्लासच्या सरांनी सांगितलंय म्हणे, "आजी किती हालात शिकली ते लिही. वाचणारा रडला पाहिजे."

माझी सटकलीच!

साठच्या दशकात मी मॅट्रिक झाले, तेव्हा महाडच्या हेडमास्तरांनी कॉलेजच्या अर्जाचा मजकूर सांगितला होता, "मी गरीब व होतकरू विद्यार्थिनी..." त्यातलं 'गरीब व' मी त्यांच्यासमोरच खोडलं. ते भडकले. आमच्या कुडपण गावाहून सोबत आलेली आई म्हणाली, "पोर हुशार हाय, तेवढंच ऱ्हाऊ द्या मास्तर. रडगानं नाय."

प्रवेश मिळाला.

नातीला म्हटलं, "माझे हाल काढून टाक. तुझं लिही."

"आजी, मग अर्धं पान रिकामं राहतं!"

राहू दे की. ते भरायलाच कॉलेजात जायचं असतं ना?